मागितल्या तीन पोस्ट, आल्या अकरा

काल संध्याकाळी सातला क्लायंटच्या वर्डप्रेसवरच्या (वेबसाइट चालवायची प्रणाली) साइटचा कोड लाइव्हला टाकला, सव्वासातला क्लायंटचा फोन. "मॅडम, श्रद्धांजलीच्या पानावर केक कापतानाचे फोटो का दिसतायत?"

पान उघडलं आणि घशाला कोरड पडली. वर मोठ्या अक्षरात श्रद्धांजली, आणि त्याच्या बरोब्बर खाली वर्धापनदिनाचा जल्लोष, मग भरतीची जाहिरात, मग सुट्ट्यांची यादी, मग कसलंतरी टेंडर. मोजल्या, अकरा पोस्ट. मी मागितल्या होत्या तीन, त्याही एकाच कॅटेगरीतल्या. गेलेल्या माणसांच्या घरचे लोक बघतात हो ते पान! अर्धा तास होतं ते तसंच. त्या अर्ध्या तासात कुणी उघडलं असेल या विचाराने मला रात्री झोप नाही.

आणि मी केलं काय होतं? आधी तिथे गेट_पोस्ट्स हे पोस्ट काढून देणारं वर्डप्रेसचं फंक्शन होतं, वर्षभर गुपचूप चाललं होतं. क्लायंटला खाली मागचं पान-पुढचं पान हवं झालं म्हणून तिथे डब्ल्यूपी_क्वेरी (पोस्ट शोधायचं वर्डप्रेसचं मूळ यंत्र) आणलं आणि अ‍ॅरे (अटींची यादी) तोच ठेवला, "नंबरपोस्ट्स" म्हणजे किती पोस्ट ते तीन आणि "कॅटेगरी"ला आयडी. लोकलवर, म्हणजे माझ्या मशीनवर, माझ्या डमी पोस्ट तीनच, त्याही त्याच कॅटेगरीतल्या, त्यामुळे तिथे सगळं छान दिसलं. लाइव्हवर खरा डेटा आला आणि वाट लागली.

कारण काय, तर गेट_पोस्ट्सला "कॅटेगरी" कळतं आणि डब्ल्यूपी_क्वेरीला कळत नाही. त्याला "कॅट" लागतं! अरे, गेट_पोस्ट्स तरी दुसरं काय करतं, आतल्या आत "कॅटेगरी"चं "कॅट" करतं, "नंबरपोस्ट्स"चं "पोस्ट्स_पर_पेज" करतं आणि त्याच डब्ल्यूपी_क्वेरीच्या हातात देतं. एकाच घरातली दोन दारं, एका दारात चालणारा शब्द दुसऱ्या दारात ओळखायचाच नाही, हे कुणी ठरवलं?

बरं नाही ओळखलास तर नाही, पण सांग ना तसं! डीबग मोड (चुका दाखवायची सोय) चालू होता, लॉग (त्यांची नोंदवही) उघडा होता, एक ओळ नाही आली. साधी नोटीस नाही. "कॅटेगरी" गिळलं, "नंबरपोस्ट्स" गिळलं, मग अट कुठलीच उरली नाही म्हणून स्वतःच ठरवलं की हे होमपेज दिसतंय, सेटिंगमधल्या ठरलेल्या दहा पोस्ट उचलल्या आणि होमपेज म्हटल्यावर स्टिकी (कायम वर ठेवलेली) पोस्ट आलीच, ती डोक्यावर चिकटवली. दहा आणि एक अकरा. तो जल्लोष कधीचा जुना, दहात आलाच नसता, पण स्टिकी ना, म्हणून श्रद्धांजलीच्या पानावर सगळ्यात वर तोच.

मला राग नाव चुकल्याचा नाहीये. नावं चुकतात, रोज चुकतात, फंक्शनचं नाव चुकलं तर पीएचपी, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, तिथल्या तिथे फेटल एरर देऊन मोकळं होतं आणि मी मुकाट दुरुस्त करते. २०२० मध्ये पीएचपी ८ आलं, त्यात नावाने आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायच्या किमती) देता येतात आणि नसलेलं नाव दिलंत तर भाषा स्वतः बोंब मारते. पण वर्डप्रेसमध्ये सगळं अ‍ॅरेत कोंबायचं, आणि अ‍ॅरेत काय वाटेल ते लिहा, कुणी विचारणारं नाही. अट कळली नाही तर रिकामं दे, एरर दे, पान पांढरं पाड, चालेल मला. "सगळंच दे" हे उत्तर कसं काय असू शकतं?

आणि हे एकदाच नाही झालेलं. मागे एकदा गेट_कॅट_आयडी वापरून नावावरून आयडी काढत होते, क्लायंटने कॅटेगरीचं नाव बदललं, फंक्शनने शून्य परत दिला, तो शून्य "कॅट"मध्ये गेला आणि शून्य म्हणजे अटच नाही, आल्या सगळ्या पोस्ट. "पोस्ट__इन"ला (नेमक्या कुठल्या पोस्ट हव्यात ते) रिकामा अ‍ॅरे द्या, सगळ्या पोस्ट. टॅक्स_क्वेरीत (कॅटेगरी-टॅगची अट) आतला अ‍ॅरे विसरा, एक कंस कमी, फिल्टर गायब, पुन्हा सगळ्या पोस्ट. जिथे चुकाल तिथे कपाट उघडून अख्खं अंगावर!

नावांचं तर बोलायलाच नको. "कॅटेगरी_नेम" म्हणतात त्याला नेम नकोच असतं, स्लग (वेबपत्त्यात येणारं रूप) हवा असतो. मग स्लग का नाही म्हणत? नाव बदललं तरी स्लग जुनाच राहतो, आणि मराठीत नाव दिलं तर स्लगची ती टक्क्याच्या चिन्हांची माळ होते, एका अक्षरामागे नऊ कॅरेक्टर, काना-मात्रा वेगळ्या, आणि डेटाबेसच्या कॉलमात जागा दोनशेची. "कॅट" दिलं की उपकॅटेगरीतल्या पोस्टही येतात, "कॅटेगरी__इन" दिलं की येत नाहीत, आणि त्यात अंडरस्कोअर दोन, एक टाकलात तर पुन्हा तेच, चूं नाही की चां नाही.

वर आपल्यातलेच लोक अजून नवीन मुलांना क्वेरी_पोस्ट्स शिकवतात. कशाला? पानाची स्वतःची मुख्य क्वेरीच बदलून टाकतं ते, मग पेजिंग बिघडतं आणि ती पोरं दोन दोन दिवस डोकं धरून बसतात. चिडचिड होते माझी असला कोड दिसला की. आणि आयडी थेट कोडात लिहिणारे, लोकलवर सात असलेली कॅटेगरी लाइव्हवर बारा असते हे कधी कळणार त्यांना?

क्लायंटला फोन करून माफी मागितली. चूक माझी होतीच, खऱ्या डेटावर तपासायला हवं होतं. पण बिचारे म्हणाले, "मॅडम, एरर वगैरे आला नाही का तुम्हाला?"

नाही आला. तेच तर.

आज सकाळपासून अख्खी थीम धुंडाळतेय. डब्ल्यूपी_क्वेरी जिथे जिथे आहे तिथे अ‍ॅरे आधी माझ्या फंक्शनमधून जातोय, अनोळखी नाव दिसलं की थांब, कॅटेगरीचा आयडी शून्य आला की थांब, रिकामा अ‍ॅरे आला की थांब. चार फायली झाल्या, साइडबार आणि फूटर बाकी आहे, आणि साइडबारमध्ये आत्ताच अजून एक "नंबरपोस्ट्स" सापडलं.