नळ आहे, साबण कुठाय?

"लोकांना हात धुवायची सवयच नाही हो!" हे पालुपद आता बंद करा. २०२० साली हीच माणसं दुकानांच्या पायरीवर, बाजाराच्या तोंडावर निमूट हात धूत होती. तेव्हा समोर पाणी होतं, साबण होता आणि धुतल्याशिवाय कुणी आत सोडत नव्हतं. आता तिन्ही गेलं, आणि बिघडली म्हणे सवय!

पायाने दाबायचे ते हात धुण्याचे स्टँड आठवतात? एक पायपट्टी पाण्याची, एक साबणाची, आत सायकलच्या ब्रेकसारखी वायर आणि स्प्रिंग. साध्या लोखंडावर रंगाचा एक हात. गोव्याची खारी हवा, वर चार महिने पाऊस! स्प्रिंग गंजली, वायर अडकली, पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही. महिन्याकाठी दोन थेंब तेल कुणी सोडायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आज त्यावर झाडू वाळतात.

हॉटेलांची तऱ्हा वेगळीच. मासळी-थाळी संपवून उठलेला प्रत्येक जण बेसिनकडे धावतो, कारण बोटांना बांगड्याचा वास येतो. जेवायच्या आधी मात्र बसचा दांडा, नोटा, मोबाइल हाताळलेले तेच हात सरळ शितात. जंतूंना वास नसतो ना! म्हणून बेसिन डोळ्यांसमोर हवं; तर ते कुठे? संडासाच्या दाराआड, ओल्या फरशीवर. तेच टेबलांच्या वाटेवर बसवा, माणसं आपसूक धुतात. चार डोळे बघत असले की जास्तच.

आणि तो साबण! पाव लिटरची बाटली, एका दाबाला एक-दोन मिली, म्हणजे निदान सव्वाशे वेळा हात धुऊन होतात. तेही जिवावर येतं, म्हणून संपत आली की बाटली नळाखाली! फेस तर जातोच, पण साबण टिकवणारं रसायनही पातळ होतं आणि बाटलीतच जंतू वाढतात. बाटली पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा. काटकसरच करायची तर धड करा: दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुवायची पावडर, बाटलीच्या झाकणाला भोक, रोज ताजं.

दाबून सोडायचा नळ तर नुसती चेष्टा. हात चोळायचे वीस सेकंद, आणि धार काही सेकंदांतच बंद. पुन्हा दाबायचा तो धुतलेल्या हातानेच. आत गाळ बसला की धार थांबतच नाही, मग मालक बेसिनखालची चावी, म्हणजे अँगल कॉकच बंद करून मोकळा. "पाणी नाही" म्हणायला सोपं. एका माणसाला अर्धा लिटर पुरतं. तोटीच्या २० लिटरच्या कॅनमध्ये चाळीस जणांचं भागतं.

"सॅनिटायझर ठेवलाय की!" त्यात निदान ६० टक्के अल्कोहोल हवं. तेलकट हातांवर तेही नीट चालत नाही, आणि उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस तर त्याला फारसा जुमानतच नाही. काउंटरवरच्या बाटलीत आता निळं पाणी आहे, ते सोडा.

पुसायला खुंटीवर सगळ्यांना मिळून एकच टॉवेल, सकाळपासून ओला. तो आधी काढा.