सही कोण करणार?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, वेळ नसेल त्यांनी सरळ पुढे सरका.

शाळेच्या ग्रुपवर एकाने क्लिप टाकली. ड्रोनच्या कॅमेऱ्यातून घेतलेली. खाली एक सैनिक, कुठल्या देशाचा ते कळत नाही आणि कळून काही फरकही पडत नाही. तो हातातली बंदूक बाजूला टाकतो, वर बघतो आणि दोन्ही हात वर करतो. ड्रोन तसाच घोंघावतोय. तिथेच क्लिप कट. मागे जिममध्ये लावतात तसलं धाडधाड म्युझिक. आणि खाली आमच्या महाशयांची कमेंट, "आता तर माणूसही लागत नाही, एआय स्वतःच ठरवतो आणि उडवतो, भारी ना!" त्यावर सतरा अंगठे. सतरा! यातले निम्मे लोक कुत्र्याच्या पिल्लाला लागलं तरी रडकुंडीला येतात.

मी विचारलं, त्याने हात वर केलेत हे एआयला कळेल का? तर उत्तर आलं, "अगं टेक्नॉलॉजी आहे, कळेल की." आणि वर, "तू फार इमोशनल होतेस."

होते. आता का होते ते ऐका.

बाबा आयसीयूत होते तेव्हाची गोष्ट. रात्रीचे अडीच-पावणेतीन झाले असतील, मी बाहेर खुर्चीवर पेंगत होते आणि कसल्यातरी फॉर्मवर सही हवी म्हणून मला आत बोलावलं. मी बेडपाशी पोचते तोच मॉनिटर बोंबलायला लागला. हिरवी रेघ सपाट, एकदम सरळ. रेसिडेंट डॉक्टर धावत आला, पोरगाच होता, दोन रात्री झोपला नसावा बिचारा, त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि बाबांच्या छातीवर हात ठेवून तो दाबायच्या तयारीत. माझ्या पायातलं बळच गेलं. तेवढ्यात पलीकडच्या बेडवरून सिस्टर आल्या. त्यांनी स्क्रीनकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मनगट धरलं आणि म्हणाल्या, "थांबा डॉक्टर, लीड निघालीये." छातीला चिकटवलेली वायर सुटली होती. बस्स, एवढंच. बाबांनी डोळे उघडून मलाच विचारलं, "काय गं, काय झालं?"

सिस्टरनी वायर परत लावली, फाइल ओढली, वेळ टाकली, एक ओळ लिहिली आणि खाली सही केली. मग दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

मशीन खोटं बोलत नव्हतं हं. त्याला सिग्नल मिळेना, त्याने सपाट रेघ दाखवली, त्याच्या परीने अगदी बरोबर. फक्त त्याला बाबा दिसत नव्हते.

आता त्या क्लिपमधल्या माणसाकडे या. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जो पहिला प्रोटोकॉल (म्हणजे जोडकरार) जोडला, त्याचं कलम ४१ सांगतं की जो शरण आलाय किंवा जखमी होऊन लढायच्या अवस्थेत नाही, त्याच्यावर हल्ला करायचा नाही. साधं वाटतं ना? पण शरण येणं दिसतं कसं? हात वर करणं? पांढरं फडकं? बंदूक टाकून गुडघ्यावर बसणं? आणि रक्ताच्या थारोळ्यात पडलेला माणूस हात हलवतो, तो वेदनेने की शेजारच्या बंदुकीसाठी? हे ओळखायला माणसाकडे बघावं लागतं, त्याच्या आकाराकडे आणि हालचालीकडे नाही. मशीनकडे काय असतं, तर कॅमेऱ्याचे पिक्सेल, गरम शरीराचा ठिपका आणि "नव्वद टक्के मॅच" असला आकडा. सपाट रेघच ती.

पुढे अजून मजा आहे. त्याच प्रोटोकॉलमध्ये कलम ५१ म्हणतं की मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांचं नुकसान अवाजवी होणार असेल तर तो हल्ला बेकायदा. अवाजवी! आता बसा कोड लिहायला. हा शब्द मुद्दामच असा ठेवलाय, कारण तो आकडा नाही, तो निवाडा आहे. कुणीतरी माणसाने त्या दिवशी, त्या ठिकाणी, समोर काय आहे ते बघून करायचा आणि उद्या कोणी विचारलं तर छातीठोकपणे सांगायचा की हो, मी केला.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. मशीनने चुकून लग्नाचं वऱ्हाड उडवलं तर कोर्टात उभं कोणाला करणार? कमांडर म्हणणार मी फक्त चालू केलं होतं, टार्गेट मी निवडलं नाही. कंपनी म्हणणार आम्ही सैन्याच्या ऑर्डरप्रमाणे बनवलं. प्रोग्रामर म्हणणार अल्गोरिदम डेटावरून शिकलाय, मला काय विचारता. युद्धगुन्हा सिद्ध करायला त्यामागे कुणाचा तरी हेतू दाखवावा लागतो, आणि इथे हेतूच सगळ्यांच्या हातातून सटकून बरोबर मधल्या फटीत पडतो. लिबियात २०२० मध्ये असे ड्रोन वापरले गेले, ऑपरेटरशी संपर्क नसतानाही टार्गेटवर जाणारे, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२१ च्या रिपोर्टमध्ये लिहिलं. त्या क्षणी नेमकं कुणी कुणाला निवडलं, हे त्यात कुठेच नाही. असणार कसं? फाइलच नाही, सहीच नाही!

बरं, आता तुमचे मुद्दे, कारण कमेंटमध्ये येणारच आहेत. माणसंही चुकतात. हो, चुकतात. ३ जुलै १९८८ ला विन्सेन्स या अमेरिकन युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नौकेची सिस्टीम विमान वर चढतंय असं बरोबर दाखवत होती, घाबरलेल्या माणसांना ते खाली झेपावतंय असं वाटलं. मशीन बरोबर, माणसं चूक. घ्या, केलं कबूल. अजून एक कबूल करते, दोन दिवसांनी त्याच मॉनिटरने बाबांचा ऑक्सिजन खाली गेलेला पकडला तेव्हा तो कुणाच्याच लक्षात आला नव्हता. त्याच सिस्टर ड्युटीवर होत्या.

पण विन्सेन्सच्या कॅप्टनचं नाव जगाला माहितीये. चौकशी झाली, इराण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १९९६ मध्ये तडजोड होऊन मृतांच्या नातेवाइकांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर ठरले. पुरेसं होतं का? अजिबात नाही, त्या कॅप्टनला तर पुढे पदकही दिलं. तरी निदान भांडायला समोर कुणीतरी होतं.

आणि "माणूस लूपमध्ये आहे ना, म्हणजे शेवटचं बटण माणसाच्याच हातात, मग झालं" म्हणणाऱ्यांनी तर जरा थांबाच. तो रेसिडेंटही माणूसच होता! २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट या मिसाइल पाडणाऱ्या सिस्टीमने परत येणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान शत्रूचं मिसाइल ठरवलं, समोर बसलेल्या माणसांकडे ठरवायला जेमतेम मिनिटभर, त्यांनी मशीनवर विश्वास ठेवला आणि विमानातले दोघंही गेले. आपल्याच बाजूचे. तिथे माणूस होता, बटणही होतं. बघायला वेळ नव्हता आणि मशीनला नाही म्हणायची सवय नव्हती. म्हणजे नुसता माणूस खुर्चीत बसवून काही होत नाही, तो वेळ असलेला, समोरचं बघू शकणारा आणि "थांबा" म्हणायचा अधिकार असलेला हवा. कायद्यात हे लिहा. सिस्टरसारखा माणूस लिहा, रेसिडेंटसारखा नको. (त्या पोराला दोष देत नाहीये, तोच अलार्म मी ऐकला असता तर मी काय केलं असतं देव जाणे.)

मी सगळ्या मशीन्सच्या विरोधात नाहीये. जहाजावर येणारं मिसाइल आपोआप पाडणाऱ्या तोफा कित्येक वर्षं आहेत, फॅलँक्स वगैरे, तिथे काही सेकंदांचा खेळ असतो आणि समोर माणूस नाही, लोखंड येतंय. पाडा की. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१ मध्ये हेच तर मांडलं, की माणसांना टार्गेट करणारी स्वयंचलित शस्त्रं बंद, ज्यांचं वागणं आधी सांगता येत नाही ती बंद, आणि उरलेल्यांवर मर्यादा घाला, कशावर, कुठे, किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली. इतकं सरळ आहे. मी यात फक्त एक जोडेन, प्रत्येक हल्ल्यामागे एक नाव आणि एक वेळ नोंदलेली पाहिजे.

"पण सध्याचे कायदे आहेत की!" हो, आहेत. त्याच प्रोटोकॉलचं कलम ३६ म्हणतं की नवीन शस्त्र आणताना ते कायद्यात बसतं का ते त्या देशाने तपासायचं. म्हणजे ज्याचं शस्त्र तोच परीक्षक, आणि निकाल बाहेर कुणाला दाखवायची सक्ती नाही. शिवाय रायफल तपासली की ती तीच राहते, हे सॉफ्टवेअर आहे, आज पास झालं आणि पुढच्या आठवड्यात अपडेट आला की ते तेच राहिलं का? मोबाईलवर साधा अपडेट आला की आपली बटणं सापडत नाहीत आपल्याला.

आणि आधीच बंदी घालता येत नाही हेही कुणी सांगू नका. माणसाला कायमचं आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्येच बंदी आली, ती रणांगणात रुळायच्या आधी. सुरुंगांच्या बाबतीत मात्र जग उशिरा जागं झालं. सुरुंग म्हणजे काय, सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मठ्ठ स्वयंचलित शस्त्रच ना, वजन पडलं की फुटतो, बूट सैनिकाचा की पोराचा पाय त्याला घेणंदेणं नाही. १९९७ मध्ये बंदीचा करार होईपर्यंत किती पाय गेले. आता त्याच सुरुंगाला पंख आणि डोळे लावलेत, म्हणून तो हुशार?

जिनिव्हात स्वयंचलित शस्त्रांवर २०१४ पासून बोलणी चालू आहेत. पण तिथे सर्वसहमती लागते, म्हणजे एकाने नकारार्थी मान हलवली की गाडी ठप्प. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत यावर पहिला ठराव आला, १५२ देश बाजूने, ४ विरोधात, आणि त्या चारांत रशिया, बेलारूस, माली यांच्याबरोबर भारत. भारताचं म्हणणं असं की चर्चा जिनिव्हातच व्हावी, तेच योग्य व्यासपीठ. असेल. शेजारी बनवत असताना आपणच हात बांधून का घ्यायचे, हेही मला समजतं, मी काही भोळी नाहीये. आणि बाहेरून ड्रोन तोच दिसतो, आत माणूस ठरवतोय की चिप, हे तपासणार कोण, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. सिग्नल जॅम होतो म्हणून शेवटचा टप्पा ड्रोनने स्वतःच पार करावा, अशी गरज युक्रेनच्या युद्धातून उभी राहिलीच आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस आणि रेड क्रॉसच्या अध्यक्षांनी मिळून २०२३ मध्येच सांगितलं होतं की २०२६ पर्यंत करार करा. असो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला बहुतेक. मगाशी उठून बाबांची जुनी फाइल काढली, मेडिक्लेमसाठी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेतल्या होत्या, टाकवल्या नाहीत अजून. त्या रात्रीचं पान सापडलं. दोन चाळीस, "लीड निघाली होती, परत लावली, पेशंट ठीक", आणि खाली सही. नाव काही केल्या लागत नाही, पहिलं अक्षर बहुतेक स किंवा म. बाबांना दाखवलं तर त्यांना ती रात्रच आठवत नाही, म्हणाले, "मला तर छान झोप लागली होती."

क्लिप टाकणाऱ्या, तू हे वाचणारच आहेस मला माहितीये. इथे कमेंटमध्ये भांडू नकोस, फोन कर. नऊनंतर.