पडवी साफ केली म्हणे!

आज सकाळी घरच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. आमच्या मुरबाडकडच्या घरासमोर छोटा हत्ती उभा, हौदा काठोकाठ भरलेला, आणि खाली चुलतभावाचे शब्द : ‘अखेर मागची पडवी मोकळी झाली! भंगाराचे पाच हजार आठशे आले.’ लगेच अंगठे, टाळ्या. मावशीनं लिहिलं, ‘छान केलंस रे, किती पसारा होता.’ काकूनं लिहिलं, ‘आता लादी बसवून घे.’

मी कळवा स्टेशनात उभी होते. फोटो बोटांनी मोठा केला आणि पोटात कालवलं. निळा पिंप, सायकलचा सांगाडा, बैलांच्या घुंगरांचा पट्टा, आणि सगळ्यात वर उलटी पडलेली बाबांची पत्र्याची पेटी. झाकण उघडं, आत काही नाही. म्हणजे पेटीतलं सगळं आधी ओतून घेतलं असणार. लोखंड काट्यावर, रबर उकिरड्यावर.

ऑफिसात दिवसभर लक्ष लागलं नाही, म्हणून आता बसून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

ज्यांनी आमचं घर पाहिलंय त्यांना ती पेटी आठवत असेल. मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी भेंडी लावली होती. फेब्रुवारी संपत आलेला, झाडं फुलावर. शेतीची लाइट रात्रीची. रात्री मोटर सुरू केली तर पाणीच उचलेना. बाबांनी नुसता आवाज ऐकून सांगितलं, ‘फुटबॉल गेला.’ शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते, विहिरीत पाइपच्या टोकाला जी झडप असते तिला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. ती पाणी वर जाऊ देते, परत खाली येऊ देत नाही. ती गळायला लागली की पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि मोटर नुसती हवा घुसळत बसते. मुरबाडचं दुकान उघडणार सकाळी दहाला, लाइट जाणार पहाटे. भेंडीला तीन दिवस पाणी नव्हतं.

बाबांनी पाइप वर ओढून घेतला, ओट्यावर फुटबॉल खोलला आणि मला बॅटरी धरायला बसवलं. आतली चामड्याची चकती कडक होऊन तडकली होती. मग ती पेटी आली. तिच्यातून ट्रकच्या ट्यूबचा एक तुकडा निघाला. त्यावर जुनी चकती ठेवून बाबांनी खिळ्यानं रेघ मारली. कापली ती हॅक्सॉच्या तुटक्या पात्याच्या सुरीनं, जिला मूठ म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. बोल्टचं भोक पाडायला जुन्या छत्रीच्या दांड्याची पोकळ नळी होती, तिच्या तोंडाला कानशीनं धार काढलेली. खाली लाकडाचा ठोकळा, वर हातोडीचा एकच ठोका. इतकं गोल भोक मी नंतर कुठल्या मशीनचंही पाहिलं नाही. तासाभरात पाटाला पाणी लागलं.

आता सांगा, या सगळ्यात पसारा कोणता होता?

ट्यूब, पातं, छत्री, ठोकळा. यातली एकही वस्तू ‘स्पेअर पार्ट’ म्हणून कुणी विकत आणलेली नव्हती. प्रत्येकीचं पहिलं आयुष्य संपलेलं होतं. आणि काट्यावर टाकलं असतं तर त्या सगळ्यांचे मिळून चहाचे पैसेही आले नसते. त्या रात्री त्यांनी एक पीक वाचवलं. शेतावरच्या जुन्या वस्तूचं वजन करून काही कळत नाही, ती कधी लागणार हे ज्याला माहीत असतं त्यालाच तिची किंमत कळते. आमच्या घरात हे माहीत असलेला माणूस गेला, आणि दोन पावसाळ्यांत टेम्पो दारात.

भाऊ फोनवर म्हणाला, ‘ताई, फुटबॉल आता दुकानात मिळतो गं, दोन-तीनशेचा तर असतो.’ मिळतो. मान्य. पण रात्री मिळतो का?

बरं, पडवीत फक्त पेटी नव्हती. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा होता, आमची ऐरण. फाळ ठोकायचा तो त्याच्यावर, विळ्याचा दांडा बसवायचा तो त्याच्यावर. ट्रकचे दोन कमानपाटे होते, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. कोयता करायला लोहाराकडे गेलं की तो आधी विचारायचा, ‘पाटा आणलाय का?’ कारण कमानपाट्याचं पोलाद पाणी धरतं. तापवून नीट पाणी पाजलं की धार अशी बसते की जाड फांदी एका घावात खाली. बाजारात चकचकीत कोयते मिळतात, करवंदीच्या जाळीवर दोनदा मारा, धार दुमडते. आता तो पाटा किलोच्या भावानं गेला आणि भाऊ पुढच्या वर्षी बाजारातून कोयता आणेल. दरवर्षी एक आणेल.

निळा पिंप 200 लिटरचा. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीनं जीवामृत, म्हणजे शेणा-गोमूत्राचं पातळ खत, करणाऱ्या कुणालाही विचारा, एका एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. म्हणजे तो पिंप हेच आमचं माप. भरला की एकराचं झालं, मोजत बसायचं कारण नाही. गेल्याच खरिपात भावानं स्वतः त्यात काठी फिरवलीय! आता नवा आणायला निघेल तेव्हा त्याला कळेल पाच हजार आठशेतले किती उरले ते.

बारदानं पण गेली. भाताचं बी भिजवून मोड आणायला बाबा नेहमी जुनं बारदानच घ्यायचे. नव्या प्लास्टिकच्या गोणीत हवा खेळत नाही, बी गरम होऊन आंबतं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं तागाचं बारदान ओल धरून ठेवतं आणि श्वासही घेऊ देतं. कॅसेटच्या फिती होत्या एका डब्यात. भात दुधावर आलं की दोन काठ्यांमध्ये ती फीत ताणून, एक पीळ देऊन बांधायची. उन्हात चमकते, वाऱ्यावर गुणगुणते, पाखरं उतरत नाहीत. आईच्या सगळ्या कॅसेट बुरशी लागून वाजेनाशा झाल्या तेव्हा तिनंच त्या बाबांच्या हवाली केल्या होत्या. आईच्या कॅसेटी! त्या पण टेम्पोत?

थांबते जरा. पाणी पिऊन येते.

हां. तर मला कळतं की भावालाही त्याची बाजू आहे. शेत तोच बघतो. मी ठाण्यात बसून सल्ले देते, महिन्यातून एकदा जाते, हे सगळं त्यानं ऐकवलंय आणि ते खरं आहे. पावसाळ्यात त्या ढिगाखालून घोणस निघाली होती, त्याची मुलगी तिथंच खेळत होती. बाप म्हणून त्याला काय वाटलं असेल ते मी समजू शकते. मीही घाबरले असते. टायरांचंही तेच. पाणी साचलं की डेंग्यूचे डास तिथंच वाढतात, आणि त्यांची अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. आणि फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, फुटकी बॅटरी, सिमेंटचे जुने पत्रे, हे ठेवायचंच नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाबाही औषधाची बाटली तीनदा खळखळून धुऊन, भोकं पाडून वेगळी ठेवायचे, तिच्यात कधी पाणी भरू दिलं नाही.

पण साप निघतो म्हणून सगळं विकायचं? बांबूचा मांडव करायचा कमरेएवढा उंच, त्यावर ठेवायचं. लोखंड एका बाजूला, रबर एका बाजूला, कौलं भिंतीला उभी. खालून झाडू फिरला पाहिजे, बास. टायरला सळई तापवून भोकं पाडायची, पाणी राहतच नाही. हे काम एका रविवारचं होतं. मला एक फोन केला असता तर मी पहिल्या एसटीनं आले असते.

माझा राग खरं तर एकट्या भावावर नाही. त्याला हे असंच करायला शिकवलंय सगळ्यांनी. आपल्याकडे शेतावर जुनी वस्तू दिसली की तो गबाळेपणा, आणि तीच वस्तू शहरात कुणी वार्निश मारून ठेवली की ती आवड. कर्जत-मुरबाडच्या बाजूला फार्महाउसं उठलीत, जाऊन बघा. बैलगाडीचं चाक घेतात, वर काच टाकतात, टेबल करतात. नांगर हिरवळीवर रोवतात, लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. त्या नांगराचं रुमणं, म्हणजे धरायची मूठ, हाताला कसं लागतं हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं. आमच्या रुमण्याला बाबांच्या मुठीची खाच होती. तेही त्या टेम्पोत असेल तर उद्या एखाद्या लॉनवर उभं राहील.

याच भावानं दोन वर्षांपूर्वी चंडीगडला जाऊन रॉक गार्डनचे फोटो टाकले होते, ‘काय डोकं आहे या माणसाचं’ असं लिहून. नेकचंद म्हणजे एक रस्तेबांधणीकडचा निरीक्षक. नवं शहर बांधताना जी गावं मोडली तिथल्या फुटक्या बांगड्या, फरश्या, कपबशा सायकलवरून वेचून आणून वर्षानुवर्षं गुपचूप बाग करत राहिला. 1976 मध्ये ती लोकांना खुली झाली. नेकचंदांच्या ढिगाला तिकीट काढून जायचं आणि बाबांच्या ढिगाला काटा लावायचा, हे कसं?

आणि महापालिका? 2023 मध्ये सगळीकडे ‘रिड्यूस, रियूज, रिसायकल’ची केंद्रं उघडली, आमच्याकडेही फलक लागले. चांगलंच आहे, मी स्वतः तिथं पुस्तकं आणि कपडे दिलेत. पण आमच्या पडवीत ते केंद्र माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होतं. त्याला फलक नव्हता म्हणून कुणाला ते दिसलं नाही.

माझी आत्या ऐरोलीकडची. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात त्यांचीही भातशेती गेली. तिच्या घरी नांगर, जू, गुठा माळ्यावर पडून राहिले आणि एक दिवस तिनं देऊन टाकले. तिला कुणी काही म्हणू शकत नाही. शेतच नाही तर अवजार कुणासाठी ठेवायचं? माळ्याकडे बघितलं की रडू यायचं म्हणायची. पण आपलं शेत आहे ना अजून! विहीर आहे, मोटर आहे, आणि तिच्या फुटबॉलात आजही एक चकती आहे, जी कधीतरी रात्रीच तडकणार आहे. तेव्हा ट्यूबचा तुकडा कुठून आणणार?

मला ती चकती कापता येते. बाबांनी त्या रात्रीनंतर दोनदा माझ्याकडून कापून घेतली होती, बॅटरी त्यांनी धरली. दुसऱ्या वेळी भोक थोडं बाजूला गेलं तर म्हणाले, चालेल, पाण्याला ते कळत नाही. मला भावाच्या मुलीला हे शिकवायचं होतं. ती हुशार आहे, हातात पाना दिला की सोडत नाही. या दिवाळीत मी तिला पेटी दाखवली होती, नळी कशाची आहे ओळख म्हटलं, तिनं छत्री ओळखली.

संध्याकाळी भावाला परत फोन केला. आधी दोघंही मोठ्यानं बोललो, मग तोच गप्प झाला, म्हणाला, ‘ताई, मला वाटलं तुला आवडेल, पडवीत आता तुझी खाट मावेल.’ यावर मी काय बोलणार? बरं वाटलं आणि आणखी वाईटही वाटलं. पण मी त्याला स्पष्ट सांगितलं की खाट अंगणातही मावते.

तर आता कामाचं. भंगारवाला तालुक्यातलाच आहे, माल अजून त्याच्या गोदामात आहे. एकदा शीळफाट्याकडच्या मोठ्या भंगार गोदामांत गेला की संपलं. त्याच्याशी बोलणं झालंय. रूळ, दोन्ही कमानपाटे, पेटी, पिंप आणि घुंगरांचा पट्टा त्यानं बाजूला ठेवलाय. तो पट्टा बाबांनी म्हशाच्या जत्रेतून आणला होता, त्याचे तो पितळेच्या भावानं पैसे घेणार, देईन. पेटीतलं सामान पोत्यात मिसळलंय, ते मला बसून निवडावं लागेल. छत्रीची नळी सापडली तर बरं, नाही तर कुणाकडे जुनी, लोखंडी दांड्याची, मोडकी छत्री असेल तर माझ्यासाठी ठेवा. घडीची नको, तिची नळी पातळ असते, ठोक्याला चेपते.

रविवारी सकाळी सहाला खारीगावहून निघतेय. कुणाचा टेम्पो त्या बाजूला रिकामा जाणार असेल तर कळवा, डिझेल मी देईन. आणि जाताना साड्या न्यायच्यात, वालात रानडुकरं उतरायला लागलीत, कुंपणाला लागतील. घरात जुन्या पडून असतील तर शनिवारपर्यंत माझ्याकडे आणून द्या. नायलॉनच्या द्या, सुती पावसात कुजतात.