प्रतिक्रिया : डिस्नी-सीचा एक दिवस

टोकियो डिस्नी-सी या जपानमधल्या थीम पार्कात एक दिवस कसा घालवावा, यावरच्या लेखातला ‘गेट उघडताच थेट सोअरिंगकडे पळा’ हा सल्ला मला अर्धाच पटला. सोअरिंग ही उडण्याचा अनुभव देणारी राइड प्रवेशद्वारापासून जवळ, त्यामुळे निम्मं पब्लिक तिकडेच वळतं. पैसे मोजायची तयारी असेल, तर आत शिरल्याशिरल्या रांगेआधी मोबाइल हातात घ्या. प्रीमियर ॲक्सेस, म्हणजे लांब रांग टाळायचा सशुल्क पास, पार्कच्या ॲपमध्येच आणि प्रवेश झाल्यावरच विकत घेता येतो, लोकप्रिय राइड्सचे स्लॉट भराभर संपतात. ॲप आदल्या रात्रीच डाउनलोड करून घरातल्या सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर जोडून ठेवा. गेटवर उभं राहून ‘अहो, पासवर्ड काय होता?’ सुरू झालं की संपलंच! आणि पॉवर बँक हवीच.

२०२४च्या जूनमध्ये सुरू झालेला फँटसी स्प्रिंग्ज हा भाग पार आत आहे, चालण्यातच बराच वेळ जातो. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक तर टाळाच, तेव्हा अख्ख्या जपानला सुट्टी असते. आणि लेखकाची ती भलीमोठी राइड्सची यादी? मी निम्मी खोडली असती. संध्याकाळी पार्कमधल्या बंदरावर नुसतं भटकायलाही वेळ हवा की नको?