‘सगळ्यात लहान एमआयसी निवडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परीक्षा जवळ आली की फार्मसीच्या मुलामुलींच्या फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी आणि अँटिबायोटिक्स: सहा वाक्यांत अख्खा विषय’. खाली सहा मुद्दे, प्रत्येकापुढे बरोबरची हिरवी खूण, आणि शेवटी ‘ज्युनिअर्सना पाठवा, दुवा देतील’. इतके दिवस मी तो न वाचता पुसून टाकत होते. या वेळी तो माझ्या मामेबहिणीने पाठवला, वर प्रश्न: ‘ताई, एवढं केलं तरी भागेल ना?’ नाही भागणार. का ते लिहिते.

आधी मेसेज काय म्हणतो ते. एक, जंतूंची नावं आणि ग्रॅम स्टेनिंग (जंतू रंगवून त्यांचे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह असे गट पाडणं) हे लॅबचं काम, फार्मासिस्टला त्याचा उपयोग नाही. दोन, कल्चर रिपोर्टवर (रुग्णाच्या नमुन्यातला जंतू वाढवून त्यावर औषधं तपासल्याचा अहवाल) ज्या औषधाचा एमआयसी (जंतूची वाढ रोखणारी मात्रा) सगळ्यात कमी, ते सगळ्यात जोरदार, तेच निवडायचं. तीन, ‘एस’ (ससेप्टिबल, जंतू औषधाला दाद देतो) लिहिलंय म्हणजे औषध लागू पडणारच. चार, सायडल (जंतू मारणारं) औषध स्टॅटिकपेक्षा (नुसती वाढ थांबवणाऱ्यापेक्षा) नेहमी सरस. पाच, शंका असेल तर ब्रॉड स्पेक्ट्रम (अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारं औषध), त्यात चूक होत नाही. सहा, कोर्सचे दिवस कुणीतरी हवेतून ठरवलेत, ते पाठ करण्यात वेळ घालवू नका.

सुरुवात दुसऱ्यापासून करते, कारण तो नुसता चुकीचा नाही, तो धोकादायक आहे. वर तो इतका सोपा वाटतो की एकदा डोक्यात बसला की निघत नाही.

एमआयसी म्हणजे जंतूची डोळ्यांना दिसणारी वाढ रोखणारी औषधाची कमीत कमी मात्रा. ती काढतात कशी, ते एकदा डोळ्यांसमोर आण. बारीक खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात औषध आधीच्याच्या निम्मं: ८, ४, २, १, ०.५, ०.२५. प्रत्येकात जंतू सारखेच, मिलिलिटरमागे साधारण ५ लाख. ३५ अंशांवर रात्रभर ठेवायचं. सकाळी प्लेट उचलून खालून पाहायचं: काही खळगे गढूळ, काहींच्या तळाशी पांढरा ठिपका, आणि एका जागेपासून पुढे सगळे स्वच्छ. स्वच्छ खळग्यांपैकी ज्यात औषध सगळ्यात कमी, त्याचा आकडा तो एमआयसी. आकडे दुपटी-निमपटीने जातात, त्यामुळे मोजणीत एक पायरी इकडेतिकडे होणं सगळे गृहीतच धरतात. रिपोर्टवर १ आलं ते उद्या पुन्हा केल्यावर ०.५ किंवा २ येऊ शकतं आणि त्यात लॅबची काहीही चूक नसते.

आता रिपोर्ट घे. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर १, नायट्रोफ्युरँटॉइनसमोर १६. मेसेजच्या हिशेबाने सिप्रो सोळापट जोरदार. प्रत्यक्षात सिप्रोपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, जंतू दाद देत नाही) आहे आणि नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’. सीएलएसआय या लॅबची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यात या कुळातल्या जंतूंसाठी सिप्रोची ‘एस’ची मर्यादा ०.२५ आणि नायट्रोफ्युरँटॉइनची ३२. दोन औषधांचे एमआयसी एकमेकांशी ताडून पाहणं म्हणजे एकाचं वजन आणि दुसऱ्याची उंची घेऊन ‘लहान कोण’ विचारणं.

मर्यादा वेगवेगळ्या का, हे कळायला फार्माकोकायनेटिक्स (औषध शरीरात कुठे, किती पोचतं याचा अभ्यास) लागतं, आणि इथेच फार्मसीच्या विद्यार्थ्याचं काम सुरू होतं. सिप्रोची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली की रक्तातली सर्वोच्च पातळी मिलिलिटरला सुमारे २.४ मायक्रोग्रॅम, आणि एका डोसचा एयूसी (पातळीच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे रक्ताला एकूण किती औषध मिळालं ते) सुमारे ११.६. दिवसातून दोनदा, म्हणजे २४ तासांचा साधारण २३. गंभीर ग्रॅम-निगेटिव्ह संसर्गात एयूसी भागिले एमआयसी १२५ च्या आसपास असावं, असं या औषधासाठी मानलं जातं. एमआयसी ०.०६ असेल तर भागाकार ३८० च्या घरात, निश्चिंत. एमआयसी १ असेल तर २३. संपलं. नायट्रोफ्युरँटॉइनचं उलटं: रक्तात ते नगण्य राहतं, पण लघवीत इतकं साचतं की १६ काय, ३२ सुद्धा पार होतात.

कुणी हुशार म्हणेल, सिप्रोही लघवीत रक्तापेक्षा कितीतरी पट साचतं, मग मूत्राशयाच्या साध्या संसर्गात १ चालणार नाही कशावरून? चांगला प्रश्न आहे, यावर वाद घालता येतो. पण तो वाद पातळी आणि एमआयसी यांच्या नात्यावर होईल. १ लहान की १६ मोठे, यावर नाही.

आणि आता तिसरा मुद्दा, कारण तो दुसऱ्याचाच सख्खा भाऊ. वरच्याच रिपोर्टमधलं नायट्रोफ्युरँटॉइन, त्याच ‘एस’सकट, संसर्ग मूत्रपिंडात चढला असेल तर निरुपयोगी. ऊतींत आणि रक्तात ते पुरेसं पोचतच नाही. जंतू तोच, आकडा तोच, अक्षर तेच, आणि औषध चूक. डॅप्टोमायसिनचं उदाहरण तर वायव्हात आवडीने विचारतात: स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर प्लेटमध्ये झकास चालतं, पण न्यूमोनियात देत नाहीत, कारण फुफ्फुसातलं सरफॅक्टंट (आतून असलेला पातळ थर) त्याला बांधून निकामी करतं. प्लेटमध्ये सरफॅक्टंट नसतं. तसंच साल्मोनेलाचं: जेंटामायसिन प्लेटवर चांगलं दिसतं, रुग्णात चालत नाही, म्हणून लॅबने ते ‘एस’ म्हणून कळवूच नये असा नियम आहे.

एवढ्यावर पटत नसेल तर २०१८ मध्ये ‘जामा’त आलेली मेरिनो चाचणी वाच. मी कुणालाही एकच पेपर वाचायला सांगायचा झाला तर हा सांगते. रक्तात ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला सापडलेले रुग्ण, जंतू सेफ्ट्रायॅक्सोनला दाद न देणारे, पण पिपरासिलिन-टाझोबॅक्टम आणि मेरोपेनेम या दोन्हींना रिपोर्टनुसार ‘एस’. ९ देशांतली २६ रुग्णालयं. निम्म्यांना एक औषध, निम्म्यांना दुसरं. मेसेजच्या तिसऱ्या वाक्याप्रमाणे निकाल सारखा यायला हवा होता. तीस दिवसांत मेरोपेनेमच्या गटात १९१ पैकी ७ दगावले, पिप-टाझोच्या गटात १८७ पैकी २३. म्हणजे ३.७ टक्के आणि १२.३ टक्के. चाचणी ठरलेल्या संख्येआधीच थांबवावी लागली.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. दगावलेल्यांपैकी अनेकांना कॅन्सरसारखे मूळचे गंभीर आजार होते. शिवाय नंतर तेच जंतू काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासले, तेव्हा ‘एस’ म्हटलेल्यांतल्या काहींचा पिप-टाझोचा एमआयसी मुळात जास्त निघाला. पण हा खुलासा मेसेजच्या बाजूने जातो का? उलट तो सांगतो की रिपोर्टवरचं ‘एस’ कधीकधी रिपोर्टपुरतंही खरं नसतं. अशा वेळी उपयोगी पडतं ते रिपोर्ट एकत्र वाचणं. सेफ्ट्रायॅक्सोनपुढे ‘आर’ दिसलं की ईएसबीएलची (अशी औषधं तोडणाऱ्या जंतूच्या एन्झाइमची) शंका यायला हवी आणि बाकीच्या बेटा-लॅक्टमांपुढच्या (पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांपुढच्या) ‘एस’कडे संशयाने पाहायला हवं. एकेक ओळ सुटी वाचणाऱ्याला ते जमणार नाही.

सुटी ओळ कशी फसवते ते प्लेटवर बघायचं तर डी-टेस्ट बघ. स्टॅफ ऑरियसचं लॉन (प्लेटभर सारखा पसरलेला जंतूंचा थर), त्यावर एरिथ्रोमायसिनची १५ मायक्रोग्रॅमची डिस्क, शेजारी १५ ते २६ मिलिमीटरवर क्लिंडामायसिनची २ मायक्रोग्रॅमची. दुसऱ्या दिवशी एरिथ्रोमायसिनभोवती वाढ, म्हणजे आर. क्लिंडामायसिनभोवती मोठा स्वच्छ गोल, म्हणजे एस, असं वाटतं. मग नीट बघितलं की दिसतं, गोल पूर्ण गोल नाही. एरिथ्रोमायसिनच्या बाजूने तो चपटा झालाय, थेट इंग्रजी डी अक्षरासारखा. एरिथ्रोमायसिनने जंतूतला एर्म जनुक जागा केला, त्याने रायबोसोमवरची औषध बसण्याची जागाच बदलली, आणि त्या बाजूला क्लिंडामायसिनही निकामी झालं. एरिथ्रोमायसिनची डिस्क शेजारी नसती तर हे दिसलंच नसतं. अशा जंतूसाठी क्लिंडामायसिन ‘आर’ म्हणून कळवतात, झोन कितीही मोठा असो. पहिल्यांदा ही प्लेट हातात आली तेव्हा मी बराच वेळ ती फिरवून फिरवून बघत होते. अख्ख्या सेमिस्टरमध्ये एवढी मजा दुसऱ्या कशात आली नाही.

जाता जाता: रिपोर्टवर ‘एस’ आणि ‘आर’खेरीज येणारं तिसरं अक्षर ‘आय’ म्हणजे ‘अर्धवट चालतं’ असंही मेसेजच्या तळटीपेत आहे. युकास्ट या युरोपातल्या तशाच संस्थेने २०१९ पासून ‘आय’चा अर्थच ‘जास्त मात्रा पोचवली तर चालतं’ असा केलाय. डोस वाढवून किंवा इन्फ्युजन लांबवून ती मात्रा कशी पोचवायची, हे वॉर्डात विचारलं जातं ते फार्मासिस्टलाच.

पहिला मुद्दा मग आपोआपच गळून पडतो, तरी दोन ओळी. ग्रॅमने १८८४ मध्ये ती रंगवण्याची पद्धत सांगितली तेव्हा त्याला पेशीभित्तिका ठाऊक नव्हती, पण आज आपल्याला ठाऊक आहे. व्हँकोमायसिनचा रेणू इतका मोठा की ग्रॅम-निगेटिव्हच्या बाहेरच्या पडद्यातून आत शिरत नाही. एंटरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन चालत नाहीत, जन्मजात. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, मग भिंतीवर घाव घालणारं पेनिसिलिन तिथे काय करणार? नाव कळल्याबरोबर अर्धी औषधं बाद होतात, तीही सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट यायच्या एक-दोन दिवस आधी. पन्नास नावांची यादी घोकायला लावणं ही शिक्षा आहे, हे मात्र मान्य. यादी घोकण्यापेक्षा जन्मजात प्रतिकाराचा तक्ता पाठ कर, नावं त्यातून आपोआप बसतात.

सायडल-स्टॅटिकबद्दल फार लिहीत नाही. जंतू मारायला लागणारी मात्रा एमआयसीच्या चौपटीच्या आत असेल तर सायडल, त्यापुढे स्टॅटिक, अशी ती प्रयोगशाळेतली रेघ आहे. लिनेझोलिड स्टॅफवर स्टॅटिक आणि बहुतेक स्ट्रेप्टोकॉकसवर सायडल. मग त्याला कुठल्या रकान्यात बसवणार? हृदयाच्या झडपेचा संसर्ग किंवा मेनिंजायटिस असेल तर सायडल औषधच पसंत करतात, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर. त्यातला ‘नेहमी’ हा शब्द खोडायचा.

ब्रॉड स्पेक्ट्रमची गंमत बघ. पेनिसिलिनच्या गटाला दाद देणारा स्टॅफ ऑरियस रक्तात असेल तर सेफॅझोलिनसारखं औषध व्हँकोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं, हे वर्षानुवर्षं दिसत आलंय. ‘मोठं’ औषध चालू ठेवलं तर रुग्णाचं नुकसानच होतं. आणि व्याप्ती जितकी मोठी, तितके आतड्यातले निरुपद्रवी जंतू जास्त मरतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूला रान मोकळं. रिपोर्ट येईपर्यंत गंभीर रुग्णाला व्यापक औषध द्यावं लागतं, यात वाद नाही. रिपोर्ट आल्यावर ते आवरतं घेण्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

राहिला सहावा. इथे मला दात-ओठ खात अर्धी कबुली द्यावी लागते. कोर्सचे बरेच दिवस खरोखरच सवयीने ठरलेले होते. सात आणि चौदा हे आकडे आठवड्यावरून आलेत, जंतूवरून नाही. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये बॅलन्स नावाची चाचणी आली: रक्तात जंतू सापडलेले ३६०८ रुग्ण, काहींना ७ दिवस औषध, काहींना १४. नव्वद दिवसांत ७ दिवसवाल्यांतले १४.५ टक्के दगावले आणि १४ दिवसवाल्यांतले १६.१ टक्के. म्हणजे सात दिवस कमी पडले नाहीत. पण ‘म्हणून दिवस पाठ करू नका’ हे कुठून आलं? त्याच चाचणीत कोणाला घेतलं नव्हतं ते बघ: स्टॅफ ऑरियस असलेले, कृत्रिम झडप असलेले, प्रतिकारशक्ती फारच खालावलेले, हाडात किंवा झडपेवर संसर्ग बसलेले. मेसेज वाचून कुणी स्टॅफ ऑरियसच्या रुग्णाचं औषध सातव्या दिवशी थांबवलं, तर त्याला या चाचणीचा आधार नाही. ती वगळलेल्यांची यादी पेपरच्या मेथड्समध्ये आहे, पान पाठवते. परीक्षेत सात-चौदाचा प्रश्न आला तर उत्तर तिथूनच लिही.