कुठली तोप?

नाशिक रोडला आमच्या नात्यातले एक सुभेदार गेले. ऐंशी ओलांडलेले, तोपखान्यातले, १९७१ बघितलेले. घरच्या पलंगावर, वृद्धापकाळाने. तिरडी बांधून झाल्यावर धाकट्या मुलाने कपाटातला पंधरा ऑगस्टचा झेंडा काढून वर पांघरला, कुणीतरी त्याचा फोटो नात्यातल्या ग्रुपवर टाकला, आणि जी जुंपली ती दहाव्यापर्यंत थांबली नाही. एका गटाचं म्हणणं, ज्याने जन्म फौजेत काढला त्याला तिरंगा नाही तर कुणाला? दुसरा गट म्हणाला, हा गुन्हा आहे. तिसऱ्याने ‘शहीद’ लिहिलं, चौथ्याने त्यावर तोंडसुख घेतलं, पाचव्याने राजकारण आणलं. सुभेदार कुठल्या तोपेवर होते, एवढं मात्र एकानेही विचारलं नाही.

वाद कायद्याचाच असेल तर तो दोन मिनिटांत मिटतो. १९७१ च्या राष्ट्रसन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात ध्वज पांघरूण म्हणून वापरायला मनाई आहे. त्याला अपवाद शासकीय, सैन्यदलांच्या आणि निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीचा. तो इतमाम द्यायचा की नाही हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ध्वज असलाच तर केशरी पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी देण्याआधी तो काढून घ्यायचा, चितेवर जाऊ द्यायचा नाही. घडी घालायचीही रीत आहे. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा दोन्ही बाजूंनी असा आत घ्यायचा की वर अशोकचक्र आणि थोडा केशरी-हिरवा उरेल. २०२१ च्या शेवटी पॉलिएस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी घरोघरी झेंडे आले, आणि बहुतेक कपाटांत आता तोच असतो. भडकलेल्या चितेशेजारी पॉलिएस्टर कसं वागतं ते वेगळं सांगायला नको. आणि ‘शहीद’ हा शब्द सैन्याच्या कागदपत्रांत नाहीच. २०१७ साली सरकारने केंद्रीय माहिती आयोगापुढे तसं सांगितलं आहे. तिथला शब्द ‘बॅटल कॅज्युअल्टी’. घरच्या पलंगावर गेलेल्या सुभेदारांना यातलं काही लागू होत नाही. झालं. एवढ्यासाठी दहा दिवस?

इथे अमेरिकेत असले वाद होत नाहीत, असं मी ग्रुपवर लिहिलं आणि अर्थातच शिव्या खाल्ल्या. तरी लिहितो. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या फ्यूनरल होमला डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला, दिला की पुढचं तेच बघतात. पाच फूट बाय साडेनऊ फुटांचा झेंडा फुकट मिळतो, फॉर्म भरायचा, आणायचा पोस्टातून. किमान दोन वर्दीधारी येतात, त्यातला एक गेलेल्या माणसाच्याच दलाचा. झेंड्याच्या तेरा घड्या घालून निळा त्रिकोण करतात आणि बायकोच्या हातात देतात. लढाईत गेला की म्हातारपणी अंथरुणात, हे कुणी विचारत नाही. सन्मानाने सेवा पूर्ण केली एवढं पुरतं. बिगुल वाजवणारे कमी पडतात म्हणून बऱ्याचदा बिगुलाच्या तोंडात बसवलेलं यंत्र वाजतं आणि सैनिक नुसता तो ओठांना लावून उभा राहतो. (हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. पुलाखाली झोपणाऱ्या माजी सैनिकांबद्दलही लिहिलं नाही. ज्याला मुद्दा जिंकायचा असतो तो सगळं लिहीत नाही.)

पण मला झेंड्याबद्दल बोलायचंच नव्हतं, बोलायचं होतं मृत्युलेखाबद्दल. इथल्या काउंटीच्या पेपरात कुणी बॉब किंवा अर्ल गेला की लिहितात: नौदलात चार वर्षं बॉयलरवर होता, परत येऊन एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, चर्चच्या पोटलकला, म्हणजे प्रत्येकाने पदार्थ आणायच्या जेवणाला, बटाट्याचं सॅलड त्याचंच असायचं, माशांच्या लांबीबद्दल थापा मारायचा. याचे काहीशे डॉलर मोजावे लागतात आणि मजकूर बराचसा छापील साच्यातलाच असतो, तरी अर्ल दिसतो. आपल्याकडे? ‘येथील सेवानिवृत्त सुभेदार कै. अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. दशक्रिया विधी रामकुंड, पंचवटी येथे.’ किराणा दुकानदार गेला तरी हेच, मुख्याध्यापक गेले तरी हेच. ‘सेवानिवृत्त सुभेदार’ हीदेखील चूक. फौजेच्या रिवाजात हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून आधी हुद्दा, मग नाव, आणि शेवटी कंसात ‘निवृत्त’.

‘प्रेमळ कुटुंबवत्सल’ असं एकाने ग्रुपवर लिहिलं. असतील. पण कसे?

सुभेदार मोठ्याने बोलत. टीव्हीचा आवाज शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जाई. नातवंडांनी हाक मारली तर बऱ्याचदा वळून बघत नसत, म्हणून नातवंडं त्यांना तिरसट समजत. फोन कायम डाव्या कानाला लावत. हे सगळ्या घराला ठाऊक होतं, का ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता त्या वेळच्या पंचवीस पाउंडर तोपेकडे बघा. गोळा पंचवीस पौंडांचा, म्हणजे सुमारे अकरा किलो. तोपेवर सहा जण. नेम धरणारा तो लेयर. तो तोपेच्या डाव्या बाजूला दुर्बिणीपाशी बसतो, म्हणजे त्याचा उजवा कान तोपेकडे. तेव्हा कानात कापसाचे बोळे घातले तर घातले. सततच्या दणक्याने ऐकू येणं एकदम जात नाही. आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. स, श, त, फ पुसट होतात, पुरुषाचं जाड बोलणं बरंच कळतं, बायकांचं कमी, आणि सगळ्यात आधी हरवतात ती लहान मुलं. म्हणजे ज्याला आपण तिरसट आजोबा म्हणत होतो, त्याला नातवाची हाक ऐकूच येत नसावी. कुठल्या तोपेवर होतात आणि तिथे तुमचा नंबर कितवा, हे दोन प्रश्न वेळेवर विचारले असते तर कुठल्या कानाशी बोलायचं तेही घराला कळलं असतं.

आणि हे नाशिकमध्ये घडावं! देवळालीला तोपखान्याचं स्कूल, नाशिक रोडला तोपखान्याचं सेंटर, आणि तिथल्याच कॅम्पात तोपखान्याचं अभिलेख कार्यालय. पंजाबातल्या, केरळातल्या, बिहारमधल्या गनरची विधवा पेन्शनसाठी जे पत्र लिहिते त्यावर पत्ता आपल्या नाशिक रोडचा असतो. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डुलाली’ म्हणतात, तो शब्दही देवळालीवरून गेला, बोटीची वाट बघत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांमुळे. हे मी इथल्या लोकांना मोठ्या ऐटीत सांगतो. सुभेदारांचं घर त्या अभिलेखापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि घरच्यांना त्यांची रेजिमेंट सांगता येत नाही.

सांगणाऱ्या वस्तू मात्र घरातच असतात. डिस्चार्ज बुकात क्रमांक, भरतीची तारीख, ट्रेड, पदकं आणि शेवटी वर्तणुकीचा शेरा असतो. ‘एक्झम्प्लरी’ असेल तर त्याहून वरचा शेरा नाही. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चा पूर्वी किंवा पश्चिमी स्टार, संग्राम पदक, नऊ आणि वीस वर्षांच्या सेवेची पदकं. पूर्वी की पश्चिमी एवढ्यावरूनच कुठल्या आघाडीवर होते ते कळतं. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. ते भिंगातून वाचा, आणि कृपा करून पितांबरी लावू नका. दर दसऱ्याला घासलेल्या पदकाची अक्षरं झिजून सपाट होतात आणि मग नुसता चकचकीत धातू उरतो. सगळ्यात बोलकी काळी पत्र्याची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट. बढती झाली की तेवढ्याच जागेवर काळा रंग मारून नवा हुद्दा लिहायचा. समोरून बघितलं तर फक्त ‘सुभेदार’. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, पत्र्याला जवळजवळ टेकवून धरा. जुन्या रंगाची जाडी उठून दिसते. ‘सुभेदार’च्या खाली ‘नायब सुभेदार’, त्याखाली ‘हवालदार’, त्याच्याही खाली ‘नायक’, आणि युनिटच्या जागी दोन-तीन आकडे एकमेकांवर चढलेले. पंचवीस-तीस वर्षांची नोकरी हातभर पत्र्यावर. आता त्या ट्रंकेत गोधड्या असतात.

ज्यांच्या घरी असे कुणी अजून आहेत त्यांनी कुणी संस्था येईल याची वाट बघू नये. इथल्या काँग्रेसने २००० साली माजी सैनिकांच्या आठवणी जमवायचा प्रकल्प कायदा करून सुरू केला. लायब्ररी ऑफ काँग्रेस तो चालवते, आणि अट एवढीच की ध्वनिमुद्रण किमान तीस मिनिटांचं हवं. तीस मिनिटं तुमच्याकडेही असतात. दुपारच्या चहानंतर बसा, पंखा बंद करा, कुकर आधीच उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर, आणि बसायचं ते चांगल्या कानाच्या बाजूला. ‘युद्धात काय झालं?’ असं विचारलं की म्हातारा माणूस पेपरात वाचलेलं सांगतो. ‘लंगरात काय असायचं? आंघोळ कुठे? रजेचं तिकीट कुठल्या गाडीचं? घरची चिठ्ठी किती दिवसांनी यायची?’ असं विचारा, युद्ध आपोआप येतं. तारीख चुकली तर टोकू नका. टोकलं की गडी गप्प.

त्याच बैठकीत पेन्शनचे कागद काढून बघा. गेल्यावर घर अडकतं ते तिथे. पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं. ‘कुसुम’ आणि ‘कुसुमबाई’ ही संगणकाला दोन माणसं वाटतात. लग्नात नाव बदललेलं असलं तर आणखी घोळ. जन्मतारीख तर आपल्याकडे निम्म्यांची एक जून, कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच लिहिली. ही तारीख किरकोळ नाही. पेन्शनर सदुसष्टच्या पुढे जाऊन वारला तर कुटुंबाला वाढीव नव्हे, साधं कुटुंब निवृत्तिवेतन, ढोबळमानाने वेतनाच्या तीस टक्के, आणि त्यावर वीस टक्के जास्त मिळतात ते विधवेला ऐंशी पूर्ण झाल्यावर. कागदावर ती चार वर्षांनी लहान असेल तर चार वर्षं ते वीस टक्के गेले. नवरा जिवंत असताना त्याच्या सहीने, प्रतिज्ञापत्र जोडून अभिलेख कार्यालयातून ही दुरुस्ती होते. तो गेल्यावर तीच गोष्ट म्हातारीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बसवते. ग्रुपवर तिरंग्याचं भांडण चाललं होतं तेव्हा सुभेदारांच्या बायकोचं नाव ‘स्पर्श’ या फौजेच्या पेन्शनच्या पोर्टलवर जुळत नव्हतं. ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता खरं सांगतो. झेंड्यावरचे सगळ्यात लांब संदेश नाशिक रोडहून आलेले नव्हते. ते न्यू जर्सीहून, मेलबर्नहून आणि माझ्याकडून गेलेले होते. इथलं नागरिकत्व घेताना उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते: आधीच्या देशावरची निष्ठा सोडतो, आणि कायद्याने सांगितलं तर अमेरिकेसाठी शस्त्र उचलीन. ओसीआयचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं, कार्ड नंतर येतं, पण ती वाक्यं आधी तोंडातून गेलेली असतात. ज्या झेंड्यावरून मी तेराशे शब्द झिजवले तो कायद्याने माझा नाही, आणि जो माझा आहे त्याच्या तेरा घड्या बघून मला काही होत नाही. सुभेदार निदान एकाच शपथेवर गेले.

दहाव्याला रामकुंडावरून कुणीतरी व्हिडिओ कॉल लावला. इथे रात्र होती. पिंड मांडला होता, कावळे पायऱ्यांवर होते, पण शिवत नव्हते. मग जे नेहमी होतं ते सुरू झालं. ‘नातीचं इंजिनिअरिंग पुरं करू.’ नाही. ‘सिन्नरच्या जमिनीचा तुकडा विकणार नाही.’ नाही. ‘आईला धाकट्याकडे एकटी ठेवणार नाही.’ इथल्या चर्चमध्ये मंचावर उभं राहून कागदावरून वाचतात, आपल्याकडे माणूस कसा होता ते पिंडासमोर अंदाजाने, कावळ्याला विचारत विचारत बोललं जातं. दहा दिवसांत त्यांच्याबद्दल बोललेलं खरं असं तेवढंच होतं. शेवटी मोठी सून म्हणाली, ‘सकाळच्या सातच्या बातम्यांना रेडिओ लावत जाऊ, मोठ्याने.’ कावळा आला. पुरोहितांनी वहीत नाव, गाव, कुळ आणि मुलांची नावं लिहून सह्या घेतल्या. रेजिमेंटचा रकाना त्या वहीत नाही.

काल ग्रुपवर विषय बदलला. खोली रिकामी करायची आहे आणि ट्रंक भंगारवाल्याला द्यायची म्हणतात. द्या, पण आधी झाकणाचे फोटो पाठवा. फ्लॅश बंद, टॉर्च डाव्या बाजूने, पत्र्याला टेकवून.