कार्ड जागेवरच आहे, तुमच्याच फोटोत दिसतंय

नमस्कार.

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्याकडून घेतलेल्या जुन्या डेल लॅटिट्यूड ई६४३० मध्ये वायफायच नाही, आम्ही आतलं कार्ड काढून घेतलं आणि ‘बिल्ट-इन वायफाय’ सांगून मशीन तुमच्या गळ्यात मारलं. वर भाच्याचा दाखला, की यात हार्डवेअरच नाहीये, डोंगल (यूएसबीला लावायचं बाहेरचं वायफाय) घ्यावा लागेल. हिशेब चुकला, उशीर झाला, असं काही लिहिलं असतं तर फोनवरच बोललो असतो. कार्ड चोरल्याचा आरोप सगळ्यांसमोर केलात, तर उत्तरही सगळ्यांसमोरच देतो.

सोबत स्क्रीनचा फोटो टाकलात हे फार बरं केलंत. त्यात डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या भागांची विंडोजमधली यादी, उघडा आहे. यादीत ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ हा मथळाच नाही आणि भाच्याने बहुतेक तेवढंच पाहिलं. जरा खाली ‘अदर डिव्हायसेस’ बघा. तिथे पिवळ्या उद्गारचिन्हाच्या दोन ओळी आहेत: ‘इथरनेट कंट्रोलर’ आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’. पहिली केबलच्या नेटची, दुसरी वायफाय कार्डाची. कार्ड काढलेलं असतं तर दुसरी ओळ आलीच नसती. नसलेल्या वस्तूसाठी विंडोज ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर, मागत बसत नाही.

ड्रायव्हर का नाही, तेही फोटोतच आहे. आम्ही मशीन विंडोज १० टाकून दिलं होतं आणि काउंटरवर तुमच्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून दाखवलं होतं. फोटोत खाली विंडोज ७ चं गोल स्टार्ट बटण दिसतंय. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, हे मॉडेल २०१२ चं. बिलावर लिहिलेलं इंटेल सेंट्रिनो अ‍ॅडव्हान्स्ड-एन ६२०५ हे कार्डही विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉल डीव्हीडीनंतरचं, त्यामुळे त्याचा ड्रायव्हर डीव्हीडीत नाही. केबलचाही नाही, म्हणून केबल लावूनही नेट चाललं नसणार. जुन्या एखाद्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ घातलं असेल, तो तुमचा प्रश्न. फक्त त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच बंद झालाय, तेव्हा बँकेचे व्यवहार त्यावर करू नका एवढं सांगतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. मशीन बंद करा, चालू करताना एफ२ दाबत राहा. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं स्वतःचं सेटिंग, येईल; त्यात ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या पानावर प्रोसेसर, रॅम यांच्याबरोबर वायफाय डिव्हाइसचंही नाव येतं. इथे विंडोजचा काही संबंध नाही, त्यामुळे भाच्याने काय टाकलं नि काय उडवलं याने फरक पडत नाही. किंवा त्या ‘नेटवर्क कंट्रोलर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी उघडा. ‘व्हेन’ या अक्षरांपुढे ८०८६ दिसेल, तो इंटेलचा क्रमांक.

दुरुस्ती सोपी आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डेलच्या साइटवर जाऊन खालच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग (तुमच्या मशीनचा क्रमांक) टाका, विंडोज ७ निवडा, वायफायचा आणि केबलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. एवढं करूनही वायफाय बंदच दाखवलं तर लॅपटॉपच्या कडेला वायरलेसची छोटी सरकती कळ आहे, ती बघा. बॅगेत घासून ती सरकते आणि लोक थेट फॉरमॅट मारायला निघतात! डोंगल मात्र घेऊ नका, फुकटचा खर्च.

बाजारात कार्ड काढून मशीन विकणारे नाहीतच, असं मी म्हणणार नाही. म्हणून हे वाचणाऱ्या इतरांसाठी: जुना लॅपटॉप कुठूनही घ्या, पण स्टिकरवर जाऊ नका. २००३ मध्ये इंटेलचं सेंट्रिनो हे लॅपटॉपसाठीचं नाव आलं तेव्हा त्याचा स्टिकर म्हणजे आत इंटेलचं वायफाय, अशी खूण होती. पण स्टिकर कंपनीत चिकटवलेला असतो आणि कार्ड नंतर कुणीही काढू शकतं. या मॉडेलचं खालचं झाकण उघडलं की कार्ड समोरच दिसतं. स्क्रीनकडून आलेल्या अँटेनाच्या बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी, त्याच्यावर टोचलेल्या असतात. त्या मोकळ्या लोंबत असतील तर कार्ड काढलेलं आहे, मग विकणारा काहीही सांगो. हल्लीच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आता पैशांचं. बायोसच्या त्या पानावर कार्डाचं नाव आलं नाही, तर पूर्ण पैसे परत, वाद नाही. आलं, तर पैसे परत मिळणार नाहीत, पण ड्रायव्हर आम्ही फुकट टाकून देऊ. झाकण तुमच्यासमोर उघडू, भाच्यालाही घेऊन या. स्टार बदलायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. येताना बिल आणि चार्जर आणा.